चष्म्याच्या नंबरामागची चार वर्षे

मराठीत 'चाळिशी' या एकाच शब्दाने आपण वयही सांगतो आणि चष्माही. चाळिशी लागली, चाळिशी सापडत नाही, चाळिशीची काडी तुटली, या बोलण्यात कधी कोणाचा गोंधळ होत नाही. वाचकहो, या शब्दाचा दुसरा अर्थ कळून ज्यांना आता वीस-पंचवीस वर्षे उलटली, अशाच मंडळींसाठी हे सदर प्रामुख्याने लिहिले जाते. आपल्यापैकी प्रत्येकाने आजवर पाच-सात वेळा तरी अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर बसून, नाकावर जड चौकट तोलत, समोरच्या फलकावरील अक्षरे वाचली असतील. ती चौकट चढवणारी, भिंगे बदलणारी आणि "आता? आणि आता?" असे विचारणारी व्यक्ती कोण, ती काय शिकून तिथे उभी असते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

अलीकडे हा प्रश्न माझ्या दवाखान्यात येऊ लागला आहे, आणि तोही आजी-आजोबांकडून. नात किंवा नातू बारावी विज्ञान झालेला असतो, वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा एकदोनदा देऊन झालेली असते आणि एके दिवशी घरात 'बी. ऑप्टोम.' हा शब्द उच्चारला जातो. माझे एक जुने रुग्ण निवृत्त मुख्याध्यापक आहेत. रक्तदाब मोजून झाल्यावर बाही खाली करता करता ते म्हणाले, "डॉक्टर, चष्मे विकायला चार वर्षं शिकावं लागतं का हो?" प्रश्नात उपहास नव्हता, काळजी होती. नातीने तिसऱ्यांदा 'नीट'ला बसावे अशी त्यांची इच्छा. तिने परस्पर ऑप्टोमेट्रीचा अर्ज भरलेला.

"सर, तुमच्या या चष्म्याचा नंबर कोणी काढला?" मी विचारले. त्यांनी दुकानाचे नाव सांगितले. माणूस त्यांना आठवेना.

त्यांचे उत्तर आपल्या सगळ्यांचेच आहे. डोळ्यांशी संबंध असणाऱ्या तीन वेगवेगळ्या व्यवसायांची आपण एकच मोट बांधतो. नेत्रतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस झालेला आणि मग नेत्ररोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला वैद्य. रोगाचे निदान, औषधोपचार व शस्त्रक्रिया हे त्याचे काम. चष्म्याचे दुकान चालवणारा ऑप्टिशियन हा दिलेल्या नंबराप्रमाणे भिंगे घासून, चौकटीत बसवून, नाकाकानावर नीट बेतून देणारा कारागीर. या दोघांच्या मधला ऑप्टोमेट्रिस्ट. दृष्टी मोजणे, चष्म्याचा वा कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर ठरवणे, दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासणे, उरलेल्या अंधूक दृष्टीचा पुरेपूर उपयोग करून घ्यायला शिकवणे, आणि आजाराची खूण दिसताच रुग्णाला वेळेत नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे, हे त्याचे क्षेत्र. ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकारी यातील बरेच काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण पदविकेचे. अनुभव मात्र दांडगा.

पाश्चात्त्य देशांत हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून शंभराहून अधिक वर्षे उभा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९०१ मध्येच त्याचा कायदा केला. आपल्याकडे पदवीचे शिक्षण रुजले ते बरेच उशिरा. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने १९८५ मध्ये एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री सुरू केले, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनेही हे शिक्षण मनावर घेतले, आणि आता मुंबई-पुण्यातही अशी महाविद्यालये आहेत. संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात ऑप्टोमेट्रिस्टला नावानिशी स्थान मिळाले. इतकी वर्षे या लोकांच्या पाटीवरील अक्षरांना कायद्याचा आधार नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे मुख्याध्यापकांची शंका अगदीच अनाठायी नव्हती, हे मान्य करावे लागते.

आता या चार वर्षांत शिकवतात काय? पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि भरपूर प्रकाशशास्त्र. बारावीत भिंगांची गणिते सोडवून सुटका झाली असे ज्यांना वाटते, त्यांची तीच गणिते इथे नव्याने सुरू होतात. फरक इतकाच, की आता भिंग जिवंत असते. निरोगी डोळ्याची एकंदर शक्ती सुमारे ६० डायॉप्टर. तिचा दोन-तृतीयांश वाटा बुबुळापुढील पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा; उरलेला आतल्या नैसर्गिक भिंगाचा. डोळ्याची लांबी सुमारे २४ मिलिमीटर. तिच्यात एका मिलिमीटरचा फरक पडला तरी नंबर जवळजवळ तीनने बदलतो. अशा सूक्ष्म यंत्राचे मोजमाप घ्यायला गणित पक्के लागतेच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डोळ्यांचे आजार, औषधशास्त्र, तपासणीची उपकरणे, कॉन्टॅक्ट लेन्स, तिरळेपणा व दोन डोळ्यांचा समन्वय, अल्पदृष्टीची साधने, मुलांची व वृद्धांची दृष्टितपासणी असे विषय येतात. शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे, म्हणजे रुग्णालयात उमेदवारी करण्याचे.

या सगळ्यात हाताला यायला सर्वांत अवघड विद्या कोणती, असे मला विचाराल तर मी रेटिनोस्कोपी म्हणेन. एमबीबीएसच्या काळात नेत्रविभागात आमची हजेरी थोड्या आठवड्यांची. तेवढ्यात ती पाहायला मिळते, हातात बसत नाही. अंधाऱ्या खोलीत रुग्णाच्या डोळ्यावर प्रकाशाची पट्टी टाकायची आणि हलकेच बाजूला सरकवायची. बाहुलीत उमटणारी लालसर चमक पट्टीबरोबर सरकते की उलट, ते पाहायचे. बरोबर सरकली तर अधिक नंबराची भिंगे घालायची, उलट सरकली तर उणे नंबराची. एकेक भिंग बदलत गेले, की एका क्षणी चमकेची हालचाल थांबते आणि बाहुली एकदम भरून उजळते. तपासणारा साधारण ६६ सेंटिमीटरवर बसलेला असतो, म्हणून आलेल्या उत्तरातून दीड डायॉप्टर वजा करायचे. सांगायला सोपे, पण ती चमक ओळखायला शेकडो डोळे पाहावे लागतात. त्यात मोतीबिंदू असेल तर चमक मलूल, बाहुली लहान असेल तर आणखी कठीण.

एवढ्या खटाटोपाची गरज काय, आता कॉम्प्युटरवर नंबर निघतो ना, असे अनेक जण म्हणतात. यंत्राने निघणारा आकडा ही सुरुवात असते. त्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून, हिरवळीवरील घराच्या किंवा फुग्याच्या चित्राकडे टक लावून स्थिर बसावे लागते. कंपवाताने मान हलत असेल, अर्धांगवायूने वाचा गेली असेल, विस्मरणाच्या आजाराने सूचनाच कळत नसतील, तर ते यंत्र हतबल होते. रेटिनोस्कोपीला मात्र रुग्णाच्या उत्तराची गरज नसते. घरात असे वडीलधारे माणूस असेल तर सेवा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. 'त्यांना आता काही सांगता येत नाही, नंबर कसा काढणार?' म्हणून जुनाच चष्मा वर्षानुवर्षे चढवला जातो. काही वेळा तोही चढवला जात नाही, आणि मग दिसत नसल्याने वाढलेला गोंधळ बुद्धीच्या नावावर जमा होतो. सांगता येत नसले तरी नंबर काढता येतो. मात्र काढणारा शिकलेला हवा.

ज्यांना सांगता येते त्यांच्यासाठी पुढचा टप्पा प्रश्नोत्तरांचा. माझ्या अनेक वृद्ध रुग्णांना याच टप्प्याची धास्ती असते. "हे चांगलं दिसतं, की ते?" असे भराभर विचारले, की आजी घाबरतात, परीक्षेत चुकीचे उत्तर दिल्यासारखे त्यांना वाटते. शेवटी कंटाळून "दोन्ही सारखंच आहे हो" म्हणतात आणि आपण त्या मुलीचा वेळ घालवला म्हणून ओशाळतात. यातील गंमत अशी, की आडव्या-उभ्या नंबराची, म्हणजे सिलिंड्रिकल भिंगाची खातरजमा करताना एक छोटे दांडीचे भिंग डोळ्यासमोर उलटसुलट फिरवतात. त्या वेळी 'दोन्ही सारखेच' हेच उत्तर तपासणाऱ्याला हवे असते. दोन्ही बाजू सारख्या धूसर दिसल्या, म्हणजे भिंग नेमके बसले. तेव्हा सारखे वाटले तर सारखे म्हणावे, कळले नाही तर पुन्हा दाखवायला सांगावे. चांगल्या महाविद्यालयात विद्यार्थ्याला हा प्रश्न सावकाश विचारायलाही शिकवतात.

समोरचा फलकही थोडा समजून घेण्याजोगा आहे. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तो तयार केला. आपल्या कागदावर ६/१८ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ, निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येते ते आपल्याला ६ मीटरवर यावे लागते. सर्वांत वरचे एकुलते एक मोठे अक्षर ६/६० चे. वाचता न येणाऱ्यांसाठी इंग्रजी 'ई' अक्षर चारही दिशांना वळवलेला फलक असतो. त्याचे पाय कोणत्या बाजूला आहेत तेवढे हाताने दाखवायचे. आणि कधी तपासणारा बारीक छिद्राची एक काळी चकती डोळ्यासमोर धरतो. त्या छिद्रातून अक्षरे स्पष्ट झाली, तर दोष बहुधा नंबराचा. नाही झाली, तर चष्मा बदलून भागणार नाही. आत काही तरी बिघडले आहे, ते शोधायला हवे. दोन रुपयांची चकती, पण दुकान की दवाखाना हे तीच ठरवते.

अभ्यासक्रमातील ज्या भागाशी आपला थेट संबंध आहे तो वृद्धांच्या दृष्टीचा. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग ताठर होते, जवळचे पाहण्याची ताकद ओसरते आणि जवळचा नंबर वाढत जातो. साठी-पासष्टीच्या सुमारास ही वाढ थांबते, कारण ओसरायला फारसे काही उरलेलेच नसते. त्यानंतरही 'जवळचं दिसत नाही, नंबर वाढवून द्या' अशी तक्रार येत राहिली, तर शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट नुसता नंबर वाढवत नाही. दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजतो आहे का, मोतीबिंदू पिकतो आहे का, असा विचार करतो. याच्या उलटही घडते. सत्तरीचे गृहस्थ आनंदाने सांगतात, "डॉक्टर, देवाची कृपा! चष्म्याशिवाय पेपर वाचता येऊ लागला." भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला, की डोळ्याला उणे नंबर येतो आणि काही काळ जवळचे विनाचष्मा दिसते. मोतीबिंदूनेच दिलेली ही उसनी दृष्टी असते. दूरचे त्याच वेळी अंधुकत असते. मधुमेहींच्या बाबतीत रक्तातील साखर वरखाली झाली, की भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि नंबर हलतो. साखर ३०० असताना काढलेला नंबर ती ताब्यात आल्यावर जुळत नाही. नवा महागडा चष्मा वाया जातो आणि शिव्या दुकानदाराला पडतात.

पडण्याचे उदाहरण तर प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग हातभर अंतरावरचे वाचण्यासाठी असतो. जिना उतरताना आपण नेमके त्याच भागातून पाहतो आणि पायरीची कड धूसर होते. ज्यांचा तोल जातो, जे एकदा पडले आहेत, त्यांना चालण्या-फिरण्यासाठी फक्त दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा द्यावा, हे हा विषय शिकलेल्याला सुचते. निव्वळ विक्री करणाऱ्याला उलटा सल्ला देण्याचा मोह होतो, कारण प्रोग्रेसिव्ह भिंग महाग असते. मी हे कडवटपणे लिहीत नाही. दुकान चालवायचे तर विक्री करावीच लागते. पण सल्ला आणि विक्री एकाच गल्ल्यावर आली, की आपण ग्राहकाने थोडे सावध असलेले बरे.

मुख्याध्यापकांच्या नातीने शेवटी ऑप्टोमेट्रीच घेतली. आजोबांनी हरकत सोडली, नाराजी मात्र वर्षभर टिकली. इंटर्नशिपच्या वर्षी ती सुटीत घरी आली असता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या नेत्रशिबिरात मदतीला बसली. तिच्या रांगेतील अडुसष्ट वर्षांच्या एका बाईंनी दूरच्या चष्म्यासह शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरे वाचली, ६/६, दोन्ही डोळ्यांनी. त्यांना फक्त जवळचा नंबर हवा होता. शिबिरातील गर्दी पाहता त्यांना दोन मिनिटांत मोकळे करता आले असते. पण खुर्चीकडे येताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागला होता, तो तिने पाहिला होता. तिने त्यांना आपल्या नाकाकडे पाहायला सांगून बाजूने बोटे आत आणली. ती बोटे त्यांना फार उशिरा दिसली. डोळ्यांचा दाब मोजला तर उजवीकडे २८ आणि डावीकडे ३२. साधारणपणे तो १० ते २१ असतो. तिने कागदावर नंबर लिहिला नाही, नेत्रतज्ज्ञाला चिठ्ठी लिहिली. दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली आणि काचबिंदूचे निदान ठरले. काचबिंदू मधली दृष्टी शेवटपर्यंत राखून कडा खात येतो, म्हणून अक्षरे वाचता येतात आणि माणूस गाफील राहतो. त्या बाईंचे कडेचे जे क्षेत्र गेले ते परत येणार नाही. उरलेले टिकवण्यासाठी थेंब सुरू झाले आहेत, आणि ते त्यांना आयुष्यभर न चुकता घालावे लागतील.

या शिक्षणाविषयी घरात विचार चालू असेल तर काही गोष्टी रोखठोक सांगतो. 'डॉक्टर होता आले नाही म्हणून हे' अशा भावनेने मुलाला पाठवू नये. अंधाऱ्या खोलीत दिवसाला तीस-चाळीस माणसांना तेच प्रश्न न चिडता विचारण्याचा हा पेशा आहे, आणि मन नसेल तर तो दुसऱ्याच वर्षी नकोसा होतो. महाविद्यालयाची इमारत पाहू नये, त्याला जोडलेले नेत्ररुग्णालय पाहावे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जाऊन अर्धा तास बसावे. विद्यार्थी रुग्ण तपासताना दिसतात, की वह्या भरताना, ते कळते. पदवी कोणत्या विद्यापीठाची, तिला मान्यता आहे का, हे लेखी विचारावे. २०२१ च्या कायद्याने आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी पदवीचे किमान ३६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरवले आहे. त्यामुळे थोड्या महिन्यांत ऑप्टोमेट्रिस्ट करून देण्याच्या जाहिराती सरळ रद्दीत टाकाव्यात. प्रवेशाचे नियम या कायद्यानंतर बदलत आहेत, म्हणून मागच्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचावी.

सुरुवातीचे वेतन बेताचेच असते, हेही लपवू नये. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे, अध्यापन आहे, रुग्णालये, भिंगांच्या कंपन्या व स्वतःचे केंद्र असे मार्ग आहेत. परदेशाचे स्वप्न असेल तर तिथली नोंदणी व परीक्षा वेगळी असते. अमेरिकेत तर साधारणपणे आधी एक पदवी आणि मग ऑप्टोमेट्रीची चार वर्षे असा क्रम आहे. इथली पदवी घेऊन गेल्या गेल्या तिथे तपासणीच्या खुर्चीपाशी उभे राहता येत नाही. आणि आपल्याकडे या पदवीने शस्त्रक्रिया करता येत नाही, आजारांवर औषधयोजना करणे हे नेत्रतज्ज्ञाचे काम राहते. ही मर्यादा ज्याला कमीपणाची वाटेल त्याने या वाटेला न जाणेच बरे.

आपण मात्र पुढच्या वेळी नंबर काढायला जाल तेव्हा समोरच्या व्यक्तीला तिचे शिक्षण विचारायला संकोचू नका. शिकलेल्या माणसाला त्या प्रश्नाचा राग येत नाही. जाताना घरातील सगळे जुने चष्मे न्यावेत, काडी तुटलेलासुद्धा. त्यांतून नंबर कसा बदलत आला ते समजते. चालू औषधांची चिठ्ठी आणि मधुमेह असल्यास शेवटची साखर जवळ असावी. पोथी चौरंगावर ठेवून वाचता की हातात धरून, शिवण करता का, मोबाइल किती अंतरावर धरता, हे सांगावे. जवळचा नंबर त्या अंतरावर ठरतो. आणि सोबत आलेल्या मुलाने वा सुनेने त्या खोलीत शक्यतो गप्प बसावे. आईला अक्षर दिसत नाही असे पाहून मागून हळूच "प... प आहे तो" असे सांगण्याचा उमाळा फार जणांना येतो. त्या मदतीने आईला ६/६ मिळते, आणि चष्मा मात्र दुसऱ्या आठवड्यात कपाटात जाऊन पडतो.